कपाशीवाल्यांचा कोसंबी वेगळा, इतिहासवाल्यांचा वेगळा. माणूस मात्र एकच होता

नागपुरात कोसंबी हे आडनाव दोन अगदी वेगळ्या ठिकाणी भेटतं.

पहिलं ठिकाण दीक्षाभूमी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात. बुद्धाविषयी मराठीत वाचायला घेतलं की धर्मानंद कोसंबी हे नाव टाळता येत नाही. 'भगवान बुद्ध' लिहिणारे ते हेच.

दुसरं ठिकाण वर्धा रोडवर. केंद्रीय कापूस संशोधन संस्था. कपाशीच्या गुणसूत्रांवर कुठलं जनुक कुठे बसलंय याचा नकाशा काढायचा असेल, तर इथल्याच काय, जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारतं. अंतर मोजायला हाल्डेनचं सूत्र वापरू की कोसंबीचं?

बरेच जण कोसंबी निवडतात आणि पुढे जातात.

तर हा दुसरा कोसंबी म्हणजे पहिल्याचा मुलगा. दामोदर धर्मानंद कोसंबी. डी. डी. कोसंबी म्हटलं की इतिहासाच्या विद्यार्थ्यांना लगेच ओळख पटते, कारण प्राचीन भारताचा इतिहास कसा लिहायचा याची रीतच या माणसाने बदलली. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचारा, कपाशीच्या नकाशातला कोसंबी कोण? आणि कपाशीवाल्याला विचारा, भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढणारा कोसंबी कोण? दोन्हीकडे शांतता असते.

आजकाल कुठल्याही संशोधकाचं वजन मोजायची सोपी पद्धत निघाली आहे. त्याने किती पेपर लिहिले आणि ते किती जणांनी आपल्या पेपरमध्ये संदर्भ म्हणून दिले, हे मोजायचं. याला सायटेशन म्हणतात. प्राध्यापकांच्या नेमणुका, बढत्या, विद्यापीठांची रँकिंग, सगळीकडे हा आकडा फिरत असतो. एच-इंडेक्स नावाचा एक आकडा तर गाडीच्या नंबरसारखा नावापुढे लावतात. तो असा काढतात: समजा तुमच्या दहा पेपरना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले असतील, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. ही पद्धत २००५ मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवली.

या मोजपट्टीने कोसंबींना मोजायला गेलं की मोजपट्टीचीच पंचाईत होते. कशी, ते बघू.

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातल्या कोसबेन गावचा. वडील धर्मानंद बुद्धाच्या शोधात घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश फिरून आलेले आणि पाली शिकून पंडित झालेले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते पाली शिकवत होते. 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावलं होतं. १९१८ मध्ये ते पुन्हा तिकडे निघाले तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरला सोबत घेऊन गेले.

मुलगा तिथेच शाळा शिकला आणि पुढे हार्वर्डमध्येच दाखल झाला. बर्कहॉफ हे तेव्हाचे अमेरिकेतले अव्वल गणिती तिथे शिकवत. त्यांनी सांगून पाहिलं की बाबा रे, गणितावरच लक्ष दे. पण याने गणितासोबत भाषा घेतल्या, इतिहास घेतला, मिळेल ते घेतलं. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत बी.ए. झाला आणि भारतात परतला.

पीएचडी त्यांनी कधीच केली नाही. औपचारिक पदवी म्हणाल तर ही बी.ए. एवढीच. आजच्या नियमांनी त्यांना प्राध्यापकीच्या मुलाखतीचं पत्रही आलं नसतं, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आल्या आल्या बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवलं. १९३० मध्ये पहिला पेपर छापला, तो भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये, ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षेवर. मग अलीगढला गेले. तिथे आंद्रे वेय नावाचा फ्रेंच गणिती विभागप्रमुख होता. वय पंचविशीच्या आतबाहेर, डोकं अफाट आणि स्वभाव खोडकर.

इथे सायटेशनच्या इतिहासातला एक भन्नाट किस्सा घडला.

वेयने कोसंबींना भरीस घातलं की एक पेपर असा लिही ज्यात अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाचा हवाला असेल. हेतू काय, तर एका सहकाऱ्याची जिरवायची. कोसंबींनी लिहिला. १९३१ मध्ये तो संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या बुलेटिनमध्ये छापूनही आला. विषय होता बूरबाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं व्यापक रूप. हा बूरबाकी कोण, तर कुणी रशियन गणिती, असं ठोकून दिलेलं. मुळात बूरबाकी हे एका फ्रेंच सेनापतीचं आडनाव, आणि पॅरिसच्या विद्यार्थ्यांमध्ये त्या नावावरून जुनी थट्टा चालायची.

पुढे १९३४-३५ च्या सुमाराला वेय आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसमध्ये एक गट बनवला आणि सगळं गणित नव्याने, पायापासून लिहायला घेतलं. लेखक म्हणून नाव दिलं निकोला बूरबाकी. विसाव्या शतकातल्या गणितावर या खोट्या नावाच्या लेखकाइतका प्रभाव फार थोड्या खऱ्या माणसांचा असेल. त्या नावाचा गणिताच्या छापील जर्नलमधला पहिला उल्लेख कुठे सापडतो? अलीगढच्या या चोवीस वर्षांच्या मुलाच्या पेपरात.

थट्टा बाजूला ठेवू. त्याच काळात कोसंबी खरं गणितही करत होते, आणि ते जड होतं. एखादी वस्तू कुठल्या वाटेने जाते हे सांगणारी समीकरणं असतात. दोन वस्तू अगदी शेजारच्या वाटांनी निघाल्या तर पुढे त्या जवळ राहतील की फाकत जातील, हे समीकरणांच्या भूमितीवरूनच ओळखता येईल का? १९३३ मध्ये 'माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट' या नामांकित जर्मन जर्नलमध्ये कोसंबींचा या विषयावरचा पेपर आला. एली कार्तां हा भूमितीतला फार मोठा माणूस. त्याने त्याच अंकात या पेपरवर आपली टिपणं जोडली. काही वर्षांनी चीनच्या चर्न या गणितज्ञाने त्यात भर घातली. आज या सगळ्याला कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत म्हणतात. एखादी व्यवस्था स्थिर आहे की जराशा धक्क्याने भलतीकडे जाईल, हे तपासायला जीवशास्त्रापासून विश्वरचनाशास्त्रापर्यंतचे लोक तो वापरतात.

म्हणजे विशी-पंचविशीतच एक नाव पक्कं झालं होतं. याच विषयाला चिकटून राहिले असते तर बाकी आयुष्य सुरळीत गेलं असतं.

१९३३ मध्ये ते पुण्यात फर्ग्युसनला आले. पगार बेताचा, शिकवण्याचं ओझं बरंच. आणि इथून गाडी रुळावरून हलली असं गणितवाले म्हणतात. इतिहासवाले म्हणतात, इथूनच ती रुळावर आली.

त्यांना संख्याशास्त्र शिकायचं होतं. पुस्तकातली गणितं सोडवून ते येत नाही, खरीखुरी आकडेवारी हाताखाली लागते. मग त्यांनी निवडली आहत नाणी. ही आपल्याकडची सर्वांत जुनी नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे आणि त्यांच्यावर ठसे मारायचे. त्यावर ना राजाचं नाव, ना साल. मग ती कुठल्या काळातली, हे ठरवायचं कसं?

कोसंबींनी तराजू घेतला.

कल्पना साधी आहे. नाणं हातोहात फिरतं, तसं झिजतं. टांकसाळीतून बाहेर पडताना सगळ्या नाण्यांचं वजन जवळपास सारखं असतं. वर्षं जातात तसं सरासरी वजन घटतं. पण सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. एखादं गाठोड्यात पडून राहतं, एखादं रोज बाजारात जातं. त्यामुळे त्यांच्या वजनातला फरकही वाढत जातो. हे खरंच असं होतं का, हे पडताळायला त्यांनी आधी चलनातली ताजी नाणी गोळा करून वजन केली. मग तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांचे साठे घेतले आणि एकेक नाणं तोललं.

निघालं असं की नाण्याच्या मागच्या बाजूला जितके जास्त बारीक ठसे, तितकं ते हलकं. म्हणजे ते ठसे वेळोवेळी नाणं तपासल्याच्या खुणा होत्या, कापड दुकानात मालाला चिठ्ठ्या लागत जाव्यात तशा. ठसे मोजा, वजन बघा, आणि कुठलं नाणं आधीचं, कुठलं नंतरचं हे लावता येतं. तोवर नाणीशास्त्र म्हणजे ठशांवरच्या चित्रांचा अर्थ लावणं. या माणसाने त्याला झिजेचं गणित जोडलं.

आता बघा, एक धागा ओढला की दुसरा कसा येतो. नाणी पाडली कुणी? राजांनी. राजे कोण, हे कळायला पुराणं, बौद्ध आणि जैन ग्रंथ वाचायला हवेत. ते वाचायचे तर संस्कृत पक्की हवी. संस्कृत पक्की करायला त्यांनी हातात घेतला भर्तृहरी.

नीती, शृंगार आणि वैराग्य ही त्याची तीन शतकं आपल्याकडे शाळेतल्या सुभाषितांपासून घराघरात गेलेली. पण प्रत्येक पोथीत श्लोक वेगळे, संख्या वेगळी, क्रम वेगळा. नक्की कुठले श्लोक मूळचे? कोसंबींनी देशभरातल्या तीनशेहून अधिक हस्तलिखितांची छाननी केली आणि जवळपास सगळीकडे आढळणारे दोनशे श्लोक एका गटात काढले. बाकीचे संशयित, आणि उरलेले नंतर घुसलेले. ही चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेत आली. अर्पणपत्रिका कुणाला? मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांना. जैन ग्रंथमाला, संस्कृत कवी आणि ही अर्पणपत्रिका. असा योग पुन्हा कुठे जुळला असेल असं वाटत नाही.

हे सगळं चालू असतानाच, भर महायुद्धात, त्यांनी दोन पेपर असे लिहिले की ज्यांनी आज अख्खी शेतं व्यापली आहेत.

पहिला १९४३ चा, 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'मधला. एखादी गोष्ट सतत आणि वेडीवाकडी बदलत असेल, उदाहरणार्थ खळाळतं पाणी, तर तिच्यातले मोजकेच महत्त्वाचे आकार वेगळे कसे काढायचे, याची रीत त्यात आहे. पुढच्या पाचेक वर्षांत युरोपात कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे हीच रीत मांडली. जगाने तिला नाव दिलं कारहुनेन-लोएव्ह. प्रवाहांचा अभ्यास, फोटो कमी जागेत बसवणं, चेहरा ओळखणं, अशा कितीतरी कामांच्या मुळाशी ती आहे. कोसंबींचा पेपर युद्धकाळातल्या भारतीय जर्नलमध्ये होता, तो पाहिला कुणी? आता काही लेखक नावात कोसंबी आधी लावतात. पण गेल्या कित्येक दशकांत जे संदर्भ दुसऱ्यांच्या खात्यावर जमा झाले, ते काही परत येत नाहीत.

दुसरा पेपर १९४४ चा. लंडनहून निघणाऱ्या 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स' या जर्नलमधला. पानं फक्त चार. हाच तो कपाशीवाला पेपर.

तो थोडा समजून घेऊ, कारण गंमत तिथेच आहे.

आईकडून एक आणि बापाकडून एक अशी गुणसूत्रांची जोडी असते. एक लाल दोरी आणि एक पांढरी दोरी समजा. पुढच्या पिढीला देताना या दोऱ्या शेजारी येतात, मधेच तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल होते. म्हणून पुढच्या पिढीला मिळणारी दोरी अर्धी लाल, अर्धी पांढरी अशी असू शकते. दोन जनुकं दोरीवर एकमेकांना खेटून असतील तर त्यांच्या मधोमध दोरी तुटायची शक्यता कमी. लांब असतील तर जास्त. म्हणजे किती रोपांमध्ये ती दोन जनुकं एकमेकांपासून सुटली हे मोजलं की त्यांच्यातलं अंतर कळतं. सूक्ष्मदर्शक नको, नुसती रोपं मोजायची. अंतराच्या एककाला सेंटिमॉर्गन म्हणतात.

पण एक अडचण आहे. त्या दोन जनुकांच्या मध्ये दोरी दोनदा तुटली तर? पहिल्या अदलाबदलीने सुटलेली जनुकं दुसऱ्या अदलाबदलीने पुन्हा एकत्र येतात, आणि मोजणाऱ्याला वाटतं काही झालंच नाही. त्यामुळे लांबची अंतरं खरी असतात त्यापेक्षा कमी दिसतात. ही चूक सुधारायला सूत्र लागतं.

जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये एक सूत्र दिलं होतं. त्यात धरलं होतं की एका ठिकाणी दोरी तुटली याचा शेजारच्या ठिकाणी काहीच परिणाम होत नाही. प्रत्यक्षात होतो. एकदा तुटली की लगेच बाजूला पुन्हा तुटायची शक्यता कमी असते. कोसंबींनी हे सूत्रात आणलं: जनुकं जितकी जवळ तितका हा अडथळा जास्त, लांब गेलं की तो विरत जातो.

फरक किती पडतो? समजा शंभरातल्या वीस रोपांमध्ये दोन जनुकं सुटलेली दिसली. हाल्डेन म्हणणार अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन. कोसंबी म्हणणार २१.२. तीस रोपांमध्ये सुटली असतील तर हाल्डेन ४५.८ आणि कोसंबी ३४.७. पाच रोपांमध्येच सुटली असतील तर दोघांचं जवळपास जमतं, पाचच्या आसपास. अंतर वाढेल तशी दोघांच्या उत्तरातली दरी वाढत जाते. कपाशीत गुणसूत्रांच्या २६ जोड्या. धाग्याची लांबी किंवा रोगाला तोंड देण्याची ताकद कुठल्या जनुकाशी बांधलेली आहे हे शोधताना चार-पाच सेंटिमॉर्गन इकडेतिकडे होणं परवडत नाही.

कॉम्प्युटरचा जमाना आला तेव्हा मॅपमेकर, जॉइनमॅप असले प्रोग्राम निघाले आणि त्यांच्यात हे सूत्र कायमचं जाऊन बसलं. गहू, भात, मका, तूर, कपाशी, जनावरं. जनुकांचा नकाशा काढणाऱ्या हजारो शोधनिबंधांत कोसंबी १९४४ असा संदर्भ येतो. कोसंबींचं बाकी सगळं गणित एका पारड्यात टाकलं तरी संदर्भांच्या मोजणीत ही चार पानं जड भरतील. आणि कित्येक पेपरांत तर संदर्भही देत नाहीत, नुसतं लिहितात की कोसंबी फंक्शन वापरलं. पायथागोरसचा संदर्भ कोण देतं? तसंच. वस्तू घरातली झाली की तिची पावती कुणी जपून ठेवत नाही.

एक गंमत अशी की सॉफ्टवेअरच्या त्या यादीत शेजारी शेजारी असलेले हाल्डेन आणि कोसंबी दोघेही मार्क्सवादी. हाल्डेन तर पुढे इंग्लंड सोडून भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

बरं, जनुकशास्त्रात कोसंबी पुढे काय करत राहिले? जवळजवळ काहीच नाही. चार पानं लिहिली आणि निघाले. आजचा संशोधक एवढ्या भांडवलावर अख्खी कारकीर्द उभी करेल.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना नव्याने सुरू होणाऱ्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. गणिताचा प्राध्यापक म्हणून. घर पुण्यात, नोकरी मुंबईत. कोसंबी डेक्कन क्वीनने ये-जा करायचे आणि गाडीतच वाचन चालायचं. सुट्टी मिळाली की पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, पायवाटा, आयांची ठाणी. गारगोटीची छोटी छोटी आदिम हत्यारं वेचायची, ती कुठे सापडतात ते टिपायचं, आणि वारीच्या वाटा, धनगरांच्या वाटा, म्हसोबा-म्हाताईची ठाणी यांच्याशी ती जुळतात का ते बघायचं. इतिहास ग्रंथालयात बसून लिहायचा नाही, पायाने लिहायचा, असा सगळा खाक्या.

याच काळात वडील गेले. स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, जून १९४७ मध्ये, सेवाग्रामच्या आश्रमात. धर्मानंदांनी अन्न सोडून देह ठेवला. नागपूरहून वर्ध्याला जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

१९५६ मध्ये कोसंबींचं इतिहासाचं पहिलं मोठं पुस्तक आलं, भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं. राजांची यादी आणि लढायांच्या तारखा बाजूला ठेवून लोक काय पिकवत होते, कुठल्या अवजाराने, आणि पिकलेलं कुणाच्या घरात जात होतं, हा प्रश्न त्यांनी मध्यभागी आणला. पुढच्या पिढीतले रा. श. शर्मा, रोमिला थापर यांच्यासारखे इतिहासकार या पुस्तकाचं ऋण मानतात. ज्याला ते पटत नाही त्यालाही त्याच्याशी भांडूनच पुढे जावं लागतं. १९५७ मध्ये वि. वि. गोखले यांच्यासोबत संपादित केलेला 'सुभाषितरत्नकोश' हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाला. त्याचं इंग्रजी भाषांतर करणारे डॅनियल इंगल्स यांना कोसंबींची संस्कृत काव्याबद्दलची मार्क्सवादी मतं अजिबात मान्य नव्हती, तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. पण ग्रंथ त्यांनी कोसंबींचाच घेतला.

इथे नागपूरचंच एक उदाहरण शेजारी ठेवून बघावंसं वाटतं. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी. कोसंबींचे समकालीन, वयाने चौदा वर्षांनी मोठे. त्यांनी आयुष्यभर कोरीव लेख, ताम्रपट, नाणी, कालिदास, भवभूती हे एकच शेत नांगरलं. कलचुरी-चेदींच्या लेखांचा खंड १९५५ ला, वाकाटकांचा १९६३ ला. रामटेक, नंदिवर्धन, वाकाटक यांच्यावर आज कुणीही काही लिहिलं तर मिराशींचा संदर्भ द्यावाच लागतो. तो कुठे शोधायचा हे सगळ्यांना माहीत असतं. कोसंबींचं तसं नाही. त्यांचे पेपर गणिताच्या, संख्याशास्त्राच्या, जनुकशास्त्राच्या, नाण्यांच्या, संस्कृतच्या आणि मार्क्सवादी नियतकालिकांत विखुरलेले. गणित आणि संख्याशास्त्राचेच साठेक. पण प्रत्येक गल्लीत त्यांचं एकच घर, आणि शेजारच्या गल्लीला त्याचा पत्ता नाही.

ही विखुरलेली सवय त्यांना एकदा फार महागात पडली.

मूळ संख्या कशा पसरलेल्या आहेत, याविषयी रीमान या जर्मन गणितज्ञाने १८५९ मध्ये एक अंदाज मांडला. आजतागायत तो कुणालाही सिद्ध करता आलेला नाही. २००० सालापासून त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे. कोसंबींना वाटलं की हा प्रश्न शक्यतेच्या गणिताने सुटेल. १९५८-५९ मध्ये त्यांनी तसे पेपर छापले. कुठे छापले? भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या जर्नलमध्ये.

पिकांच्या उत्पादनाचे अंदाज जिथे छापतात, तिथे गणितातला सर्वांत अवघड प्रश्न सुटल्याचा दावा! असा पेपर अंकगणितातल्या तज्ज्ञांच्या हातून तपासून जायला हवा होता. तो गेला नाही, आणि सिद्धता चुकीची होती. जे पूर्वी त्यांच्या चौफेर वावरावर नुसतं नाक मुरडत होते, त्यांना आता हातात कोलीत मिळालं. या माणसाने पुढे खरंच काही चांगलं केलं तरी ते वाचायचं नाही, अशी हवा तयार झाली. १९६३ मध्ये मूळ संख्यांवरचा त्यांचा एक पेपर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या जर्नलमध्ये आला, म्हणजे काम थांबलं नव्हतं. पण काही पेपर तर त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापले. विशीत खोट्या माणसाचा हवाला देणारा गणिती पन्नाशीनंतर स्वतःच खोट्या नावामागे गेला.

१९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. त्यामागे रीमानचं प्रकरण एकटंच होतं असं म्हणणं बरोबर होणार नाही. भाभा अणुऊर्जेचे शिल्पकार, आणि कोसंबी जाहीरपणे सांगत फिरत होते की भारतासारख्या उन्हाच्या देशाला सौरऊर्जा जास्त परवडेल. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमध्ये त्यांनी याच विषयावर भाषण दिलं. जागतिक शांतता चळवळीतही ते होते. स्वभाव तिखट, जीभ त्याहून तिखट. पण चुकीच्या सिद्धतेने त्यांच्या विरोधकांचं काम सोपं केलं, यात शंका वाटत नाही. माझ्या मते खरा अन्याय पुढचा होता: एका चुकीच्या पेपरने आधीच्या तीस वर्षांच्या गणिताकडेही लोकांनी पाठ फिरवली. १९४३ चा पेपर ज्यांनी उघडून बघायला हवा होता, त्यांनी तो उघडला नाही.

नोकरी गेली त्याच वर्षी, १९६२ मध्ये, 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' आलं. त्यात पुण्याच्या आसपासची देवीची ठाणी आणि पंढरीच्या वाटा यांच्यावरचे निबंध आहेत. १९६४ मध्ये सीएसआयआरने त्यांना एमेरिटस शास्त्रज्ञ केलं. आता काम पुण्यातच, महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत. डेक्कन क्वीन सुटली. १९६५ मध्ये प्राचीन भारताची संस्कृती आणि सभ्यता यावरचं त्यांचं पुस्तक लंडनहून निघालं, आणि पुढे अनेक भाषांत गेलं. योगायोग बघा, संदर्भ मोजायची पहिली मोठी व्यवस्था, युजीन गारफिल्डचा सायन्स सायटेशन इंडेक्स, अमेरिकेत सुरू झाली तीही याच सुमाराला, १९६४ मध्ये. त्या इंडेक्सला पुस्तकं नीट मोजता येत नव्हती, संस्कृत आवृत्त्या तर नाहीच, आणि भारतीय जर्नलंही थोडीच होती. कोसंबींच्या कामाचा निम्म्याहून अधिक भाग त्याच्या जाळ्यातून खाली पडणारा.

२९ जून १९६६ च्या पहाटे पुण्यातल्या घरी झोपेतच ते गेले. वय अठ्ठावन्न, महिन्याभराने एकोणसाठ पूर्ण झालं असतं.

त्यानंतर त्यांचं लिखाण ज्याने त्याने आपापल्या सोयीने गोळा केलं. नाण्यांवरचे निबंध १९८१ मध्ये एका पुस्तकात आले. भारतविद्येवरचे निबंध २००२ मध्ये ऑक्सफर्डने काढले. २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. गणित आणि संख्याशास्त्रातले निवडक पेपर मात्र एकत्र यायला २०१६ साल उजाडावं लागलं. ते स्प्रिंगरने छापले आणि तेव्हा कुठे लोकांना एका जागी दिसलं की १९३३, १९४३ आणि १९४४ चे पेपर लिहिणारा हात एकच आहे.

लायब्ररीत ही पुस्तकं शोधायची असतील तर तीन कपाटं फिरावी लागतात. गणिताचं ५१० नंबरला, नाण्यांचं ७३७ ला आणि प्राचीन भारताचं ९३४ ला. भर्तृहरी हवा असेल तर चौथं कपाट, ८९१.